यंत्र झाकतं ते शिकवायचं कुणी?

रेडिओग्राफीचं, म्हणजे एक्स-रे, सीटी अशी चित्रं काढण्याचं, शिक्षण आखूड करा, असं म्हणणाऱ्यांचा आवाज हल्ली वाढला आहे. त्यांचं म्हणणं ऐकायला सरळ वाटतं. पूर्वी फिल्म होती, डार्करूम होती, किती जोराची आणि किती किरणं द्यायची ते ठरवणारे केव्ही आणि एमएएसचे तक्ते पाठ करावे लागायचे. आता डिटेक्टर आहे, स्क्रीनवर शरीराचं चित्र आहे, त्यातल्या अवयवावर बोट ठेवलं की यंत्र एक्स्पोजर, म्हणजे किरणांची मात्रा, आपणच निवडतं. मग विद्यापीठात तीन-चार वर्षं कशाला घालवायची? काही महिन्यांत हात बसेल, माणूस कामाला लागेल, रुग्णालयातली मनुष्यबळाची ओढाताण कमी होईल. व्यवस्थापक हे बोलतात, विद्यापीठाच्या खर्चाचा हिशोब ठेवणारे बोलतात, आणि आमच्याच क्षेत्रातली काही जुनी जाणती मंडळीही बोलतात.

मी विद्यापीठात डायग्नॉस्टिक रेडिओग्राफी शिकवते आणि त्याच विषयात संशोधन करते, त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. यंत्र जसजसं सोपं होत गेलं, तसतसा या कामातला अवघड भाग नजरेआड गेला. जे डोळ्यांना दिसत नाही ते शिकवायला वेळ जास्त लागतो, शिकवणारा अधिक मुरलेला लागतो, आणि त्याच्या शिकवण्यामागे त्याने स्वतः तपासून पाहिलेलं काहीतरी असावं लागतं.

फिल्म होती तेव्हा चूक लपत नसे. एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, कमी झालं की पांढुरकी राहायची. डार्करूममधून बाहेर पडतानाच आपण काय केलं ते हातात असायचं. वरिष्ठाला ते दिसायचं, चित्र वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला दिसायचं, आणि वाया गेलेल्या फिल्म खोक्यात साठत जायच्या. १९८० च्या दशकात फॉस्फर प्लेटवरची कॉम्प्युटेड रेडिओग्राफी आली, पुढे फ्लॅट पॅनेल डिटेक्टर आले, आणि हे सगळं बदललं. डिटेक्टर खूप मोठ्या पल्ल्यातलं एक्स्पोजर सांभाळून घेतो; सॉफ्टवेअर चित्राचा उजेड आणि काळपटपणा ठरलेल्या पातळीवर आणून ठेवतं. एक्स्पोजर फार कमी पडलं तर चित्र दाणेदार दिसतं आणि लगेच तक्रार येते. जास्त पडलं तर चित्र उलट गुळगुळीत, देखणं दिसतं आणि कुणीच काही बोलत नाही. अशा ठिकाणी माणसाचा हात हळूहळू वरच्या बाजूला सरकतो. याला आमच्याकडे डोस क्रीप म्हणतात. कुणाचा त्यात वाईट हेतू नसतो. कमी दिलं तर बोलणी बसतात, जास्त दिलं तर कौतुक होतं, एवढंच पुरतं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी एक साधा प्रयोग घेते. पेल्व्हिसचा, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांचा, फँटम (शरीरासारखी बनवलेली प्रतिकृती) टेबलावर ठेवायचा, सेंटरिंग, कोलिमेशन (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच जागेपुरता आवळणं), अंतर, केव्ही सगळं तेच ठेवायचं, आणि दोन एक्स्पोजर घ्यायची: एक योग्य, दुसरं चौपट एमएएसचं. मग दोन्ही चित्रं शेजारी लावून विचारायचं, यातलं कुठलं पाठवाल? बहुतेक हात दुसऱ्या चित्रासाठी वर जातात. फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मानेतल्या रेषा त्यात जरा अधिक स्वच्छ दिसतात, आणि मुलांची नजर तेवढी तयार झालेली असते. त्यानंतर मी खाली कोपऱ्यातला डेव्हिएशन इंडेक्स दाखवते, म्हणजे एक्स्पोजर ठरलेल्या पातळीपासून किती दूर गेलं ते सांगणारा आकडा. पहिल्यावर ० च्या आसपास, दुसऱ्यावर +६ च्या आसपास. दुप्पट म्हणजे +३, चौपट म्हणजे +६, हे गणित त्यांनी आदल्याच आठवड्यात वहीत सोडवलेलं असतं.

खरा तास इथून पुढे सुरू होतो. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘पण मॅडम, चित्र तर चांगलं आहे ना?’’ हो, आहे. पण कशासाठी चांगलं? पडलेल्या आजींच्या मांडीच्या हाडाच्या मानेत केसासारखी बारीक फट शोधायची असेल तर दाणा कमी हवा. शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम सांधा जागेवर बसला आहे का एवढंच पाहायचं असेल तर थोडा दाणा चालून जातो. लहान मुलाच्या खुब्याची दर काही महिन्यांनी तुलना करायची असेल तर हिशोब आणखी वेगळा. म्हणजे ‘चांगलं चित्र’ अशी सुटी चीजच नसते. विचारलेल्या प्रश्नाला पुरेसं उत्तर देणारं चित्र असतं, आणि त्यासाठी लागेल तेवढाच डोस. शिवाय तो आकडा डिटेक्टरपर्यंत पोचलेल्या किरणांचा आहे, रुग्णाला मिळालेल्या डोसचा नव्हे, हेही सांगावं लागतं. कोलिमेशन ढिसाळ असेल तर आकडाच फसवा येऊ शकतो. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक येईपर्यंत तर प्रत्येक कंपनीची आकड्याची पद्धत निराळी होती. एकीच्या यंत्रावर आकडा वाढला की एक्स्पोजर वाढलेलं असायचं, दुसरीच्या यंत्रावर तेच कमी झालेलं असायचं. तशी जुनी यंत्रं अजूनही जगात चालू आहेत. हे सगळं एका आकड्यामागचं. अवयवाच्या चित्रावर बोट ठेवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात याला जागा कुठून मिळणार?

यावर नेहमी येणारा प्रतिवाद असा की एका एक्स-रेचा डोस असतो तरी किती! प्रश्न रास्त आहे. छातीच्या एका पीए (पाठीकडून घेतलेल्या) एक्स-रेचा प्रभावी डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या (डोस मोजण्याचं एकक) घरात असतो, आणि पृथ्वीवरच्या सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका चित्राने घाबरून जाण्यासारखं काहीच नाही, आणि रुग्णालाही आम्ही तेच सांगतो. पण पोटाच्या एका सीटीचा डोस साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट असू शकतो, तो वारंवारही होतो, आणि जगात वर्षाला किरणं वापरून होणाऱ्या सगळ्या वैद्यकीय तपासण्यांचा संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा अंदाज ४ अब्जांच्या वर आहे. माणसाने निर्माण केलेल्या किरणोत्साराचा सर्वांत मोठा वाटा या तपासण्यांचाच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी डोसची मर्यादा आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णासाठी मर्यादाच नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही, कारण जीव वाचवण्यासाठी लागेल ती तपासणी करता आली पाहिजे. त्याच्या बदल्यात रुग्णाला दोन गोष्टींचं संरक्षण आहे: ही तपासणी खरंच हवी आहे का याचा विचार, आणि हवी असेल तर ती कमीत कमी डोसमध्ये कशी होईल याचा विचार. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने १९७७ मध्ये ही तत्त्वं नीट मांडली आणि आजही ती तशीच उभी आहेत. यातला पहिला विचार डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट करतात, आणि मागणीपत्रात काही विसंगत दिसलं तर रेडिओग्राफरनेही थांबून विचारायचं असतं. दुसरा विचार मुख्यतः कन्सोलपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात होतो. ते डोकं तयार करण्यात काटकसर केली, तर कायद्यातल्या कुठल्याही आकड्याने रुग्णाचं रक्षण होणार नाही.

आता संशोधनाकडे येते. ‘शिकवणाऱ्याने शिकवावं, संशोधन त्याला कशाला?’ हे विद्यापीठाच्या आतही ऐकू येतं. गोनॅड शिल्डिंगचं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यांत बोलकं वाटतं. १९५० च्या दशकापासून पेल्व्हिसच्या एक्स-रेच्या वेळी जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायची पद्धत रुजली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिची अधिकृत शिफारस केली. पिढ्यान् पिढ्या ती शिकवली गेली. परीक्षेत शिल्ड ठेवायला विसरलं की गुण जायचे. त्यामागचा हेतू चांगला होता. पण विभागाविभागांतल्या साध्या ऑडिटमध्ये पुन्हापुन्हा दिसत गेलं की शिल्ड बऱ्याचदा भलत्याच जागी बसतं. मुलींमध्ये बीजांडकोशांची जागा इतकी वेगवेगळी असते की बाहेरून अंदाज लागत नाही. जे झाकायचं ते उघडं राहतं आणि जे पाहायचं ते, सेक्रम किंवा प्युबिसचा (ओटीपोटाच्या मागच्या किंवा पुढच्या हाडाचा) भाग, झाकलं जातं. मग चित्र पुन्हा काढावं लागतं. शिल्ड ऑटोमॅटिक एक्स्पोजरच्या (पुरेशी किरणं पोचली की ती आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेन्सरवर आलं तर आणखीच पंचाईत: सेन्सरला किरणं कमी पोचतात, यंत्र समजतं की एक्स्पोजर अपुरं आहे, आणि ते किरणं देतच राहतं. शरीराच्या आतूनच येणारी विखुरलेली किरणं वरच्या शिशाने अडत नाहीत ती नाहीतच. मधल्या काळात आनुवंशिक परिणामांबद्दलची समजही बदलली. जननेंद्रियांचा भारांक, म्हणजे एकूण धोक्याच्या हिशोबात त्यांना दिलेलं वजन, आयोगाने आधीच्या ०.२० वरून २००७ च्या शिफारशींत ०.०८ वर आणला. शेवटी २०१९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने सरसकट शिल्डिंग थांबवायला सांगितलं, २०२० मध्ये ब्रिटनमधल्या व्यावसायिक संस्थांनी आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या किरणोत्सार संरक्षण परिषदेनेही तीच दिशा घेतली.

ज्यांना शिल्ड हा फक्त नियम म्हणून शिकवला गेला होता, त्यांना हा बदल पचवणं जड गेलं. काहींना वाटलं, सुरक्षितता ढिली होते आहे. काहींनी विचार न करता नवा नियम जुन्याच्या जागी चिकटवला. ज्यांनी विखुरणं म्हणजे काय, सेन्सर कसा वागतो, भारांक कुठून येतो हे समजून घेतलं होतं, त्यांना मात्र त्यात गोंधळण्यासारखं काही नव्हतं. एखादी आई तिसऱ्यांदा मुलाला घेऊन आलेली असते आणि विचारते, ‘‘मागच्या वेळी झाकलं होतं, आज का नाही झाकत?’’ मूल टेबलावर वळवळतंय, बाहेर रांग आहे. तेवढ्या वेळात खरं, समजेल असं आणि तिचा धीर न सोडवणारं उत्तर देता येणं ही माझ्या लेखी रेडिओग्राफीच्या पदवीची कसोटी आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांना असे कितीतरी बदल पाहायचे आहेत. आज मी जे शिकवते त्यातलं काही उद्या चुकीचं ठरेल. ते कशावरून चुकीचं ठरलं हे वाचून समजणारी आणि वेळ पडली तर स्वतः दाखवून देणारी माणसं हवी असतील, तर त्यांना शिकवणाऱ्यानेही ते काम केलेलं असायला हवं.

आणि हे प्रश्न आमच्याऐवजी दुसरं कुणी हाती घेईल, अशी आशा मला नाही. भौतिकशास्त्रज्ञ यंत्र मोजतात. रेडिओलॉजिस्ट चित्रातला आजार वाचतात. या दोहोंच्या मध्ये एक जिवंत, दुखणारा, घाबरलेला देह टेबलावर कसा ठेवला जातो, हे आमचं क्षेत्र आहे. उदाहरणार्थ, इलेक्ट्रॉनिक क्रॉपिंग. कोलिमेटर ऐसपैस उघडायचा, एक्स्पोजर घ्यायचं, मग स्क्रीनवर कडा कापून चित्र नीटनेटकं करून पाठवायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख कोलिमेशन! शरीरावर मात्र किरणं सगळीकडे पडून गेलेली असतात, आणि कापलेल्या कडेत एखादी खूण असेल तर तीही गेली. किंवा उजव्या-डाव्याचे मार्कर: शिशाचं अक्षर किरणांच्या क्षेत्रात ठेवण्याऐवजी नंतर माऊसने चिकटवलं की बाजू चुकण्याचा धोका येतो. किंवा रद्द केलेली चित्रं. पूर्वीचं खोकं गेलं. आता एक बटण दाबलं की चित्र नाहीसं होतं आणि कारणाच्या यादीतून ‘पोझिशनिंग’ निवडलं की काम झालं. ही रद्द चित्रं जपून ठेवली, त्यांची नावं-निशाणी काढली आणि वर्गात आणली, तर त्यांच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही. ती गोळा करून त्यांचा अभ्यास करणं हे संशोधन आहे, मग त्यात कोट्यवधींचं अनुदान नसलं तरी.

आखूड अभ्यासक्रमाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मी इथे टाळणार नाही. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी मोटारींवर एक्स-रे यंत्रं चढवून आघाडीवर नेली आणि सुमारे १५० स्त्रियांना काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तयार केलं. त्या स्त्रियांनी असंख्य जखमींचे प्राण वाचवायला मदत केली, यात शंका नाही. पण त्यांच्यापुढचा प्रश्न बहुधा ठरलेला होता: गोळी किंवा धातूचा तुकडा कुठे अडकला आहे, हाड कुठे मोडलं आहे. आणि त्या काळात किरणांपासून स्वतःला वाचवण्याचं ज्ञान किती तोकडं होतं तेही लक्षात घ्यावं लागेल. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले क्लॅरन्स डॅली हात किरणांत धरून नळ्यांवर काम करत. आधी हात गेले आणि १९०४ मध्ये ते वारले. १९३६ मध्ये हँबुर्गला जो स्मृतिस्तंभ उभा राहिला, त्यावर एक्स-रे आणि रेडियमच्या कामात जीव गमावलेल्या अनेक देशांच्या लोकांची नावं आहेत. युद्धातली निकड समजू शकते. शांततेच्या काळातल्या रुग्णालयाने त्याच मापाने आपली माणसं तयार करावीत, हे मला पटत नाही.

शिक्षण वाढलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात अपघात विभागाच्या फिल्मवर काही गैर दिसलं की रेडिओग्राफर लाल ठिपका लावू लागले, जेणेकरून रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरच्या नजरेतून ते निसटू नये. ती पद्धत देशभर पसरली, आणि पुढच्या दशकात पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर तिथे काही प्रकारच्या एक्स-रेंचे लेखी अहवालही देऊ लागले. ज्यांना फक्त बटण दाबायला शिकवलं होतं अशांच्या हातून हे घडलं नसतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. छतावरचा कॅमेरा रुग्णाचं शरीर ओळखून कोलिमेशन सुचवतो, सॉफ्टवेअर छातीच्या चित्रांमधली तातडीची चित्रं वर आणून ठेवतं. मी याच्या विरोधात नाही. पण ऑटोमॅटिक एक्स्पोजरचा अनुभव आमच्या गाठीशी आहे. खुब्यात धातूचा सांधा असलेला रुग्ण आला आणि सेन्सर नेमका त्या धातूखाली आला, तर यंत्र शिल्डच्या वेळी फसतं तसंच फसतं आणि एक्स्पोजर वाढवत नेतं. ते ओळखून तो सेन्सर बंद करणारा किंवा एक्स्पोजर हाताने लावणारा माणूस तिथे असेल, तरच ते यंत्र सुरक्षित आहे. नव्या यंत्रणांचं फसणं याहून गुंतागुंतीचं असेल. पाठीला बाक असलेला, हात आखडलेला, सूचना न कळणारा रुग्ण त्यांच्या ठरलेल्या साच्यात बसत नाही, आणि रुग्णालयात असेच लोक जास्त येतात.

माझ्या तक्रारीचा दुसरा रोख आमच्याकडेच आहे, विद्यापीठांकडे. रेडिओग्राफीचे लेक्चरर बहुतेक वेळा विभागात वर्षानुवर्षं काम करून मग शिकवायला येतात. पीएचडी उशिरा सुरू होते, तीही तासिकांच्या ओझ्याखाली. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, म्हणून विभागात जाणं आधी कमी होतं आणि मग थांबतं. संशोधनही फँटमकडे झुकतं, कारण फँटम श्वास घेत नाही, हलत नाही आणि त्याच्या संमतीपत्रासाठी समितीपुढे महिनोन् महिने थांबावं लागत नाही. फँटमवरचे अभ्यास मीही करते आणि ते हवेतच. पण शिकवणंही सगळं सिम्युलेशनवर ढकललं तर काय निसटतं ते एका तपासणीत दिसतं. खुबा मोडल्याचा संशय असलेल्या रुग्णाचा आडव्या किरणांचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे, घ्या. डिटेक्टर मोडलेल्या बाजूच्या कमरेच्या हाडाच्या वर टेकवून फीमरच्या मानेला समांतर उभा करायचा, धडका (न मोडलेला) पाय उचलून आधारावर ठेवायचा, आणि नळी दोन्ही पायांच्या मधून मानेला काटकोनात आणायची. फँटमवर विद्यार्थिनी हे व्यवस्थित करते. खऱ्या रुग्णाचा धडका पाय उचलतानासुद्धा कंबर हलते आणि वेदनेची लहर मोडक्या बाजूला जाते. पाय किती उंच न्यायचा, कुणाला धरायला बोलवायचं, कुठे थांबायचं, मोडलेला पाय पुस्तकातल्यासारखा आत वळवायच्या भानगडीत का पडायचं नाही, हे तिला तिथेच कळतं, आणि तेही शेजारी शिकवणारं कुणी उभं असेल तर.

म्हणून रुग्णालयांकडे आणि विद्यापीठांकडे माझं एकाच दमात मागणं आहे. लेक्चररची नेमणूक दोन्हीकडची असावी. आठवड्यातला किमान एक दिवस तिने विभागात प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावं, आणि तो दिवस तासिका आणि शोधनिबंध यांच्या जोडीने तिच्या कामात मोजला जावा. विभागातल्या ज्या अनुभवी रेडिओग्राफरकडे विद्यार्थी सोपवले जातात, त्यांच्या पाळीत शिकवण्याचा वेळ लिहून दिलेला असावा. आज तो रांगेतून चोरावा लागतो, आणि रांग मोठी असेल तर विद्यार्थी कोपऱ्यात उभा राहून बघतो. रद्द चित्रांच्या नोंदी विद्यापीठाला पाहायला मिळाव्यात, कुणाला पकडण्यासाठी नव्हे, तर पुढच्या सत्रात काय शिकवायचं ते ठरवण्यासाठी. २०१२ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे झालेल्या किरण-संरक्षणावरच्या परिषदेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केलेल्या आवाहनात आरोग्य कर्मचाऱ्यांचं किरण-संरक्षणाचं शिक्षण बळकट करा, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मनुष्यबळ कमी आहे म्हणून अभ्यासक्रम कापायला निघालेल्यांनी आधी एवढं सांगावं, की कापायचं नेमकं काय: विखुरण्याचं भौतिकशास्त्र, रद्द चित्रांचा तास, की मोडलेल्या खुब्याच्या रुग्णाशेजारची ती दुपार?